मंडळाचा जनरेटर वर्षातून दहा दिवस चालतो आणि नेमका आरतीला बंद पडतो. यंदा हात मीच घालणार आहे

शिलाईवाली, रामबाग

नमस्कार. मी इंदूरची. ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते आणि तीन वर्षांपासून आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाची खजिनदार आहे. ज्याच्या घरी जागा त्याच्याकडे सामान, या न्यायाने मंडळाचा जनरेटर माझ्या जिन्याखाली असतो.

पेट्रोलचा आहे, दोरी ओढायचा. पाटीवर १६३ सीसी आणि २ केव्हीए एवढंच वाचता येतं, कंपनीचं स्टिकर कधीच उडालं. गणपतीत दहा दिवस बाहेर निघतो, एखाद्या वर्षी कोजागिरीला. बाकी वर्षभर जिन्याखाली, अंगावर जुनी सतरंजी.

गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी ऐन आरतीत लाइट गेली. सहा मुलांनी आळीपाळीने दोरी ओढली. माझा भाचा जिमला जातो, त्याने अशी काही ओढली की मूठ हातात राहिली आणि दोरी आत गेली. मंत्रपुष्पांजली मोबाइलच्या उजेडात झाली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बोलावला, तो कार्बोरेटर साफ केला म्हणून आठशे रुपये घेऊन गेला. अनंत चतुर्दशीला पुन्हा तेच. सुरू झाला, दहा-बारा मिनिटं छान चालला आणि मूर्ती उचलायच्या वेळी बंद. आठशे रुपयांचा हिशोब वर्गणीदारांना देताना मला काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

उघडायची मला भीती नाही. माझं शिलाई मशीन मीच उघडते, शटल काढते, दातऱ्याखालचा कचरा साफ करते. पण पेट्रोलच्या इंजिनाला कधी हात लावलेला नाही.

काल सतरंजी काढली. टाकीत तळाला दोन बोटं पेट्रोल आहे, गेल्या वर्षीचं. वास पेट्रोलचा नाही, जुन्या वार्निशचा येऊन राहिलाय. ऑईलच्या झाकणाची दांडी काढली तर फक्त टोकाला काळं लागलं. एका बाजूच्या डब्यात स्पंज होता, हातात घेतला तर त्याचा भुगा झाला. दोरी ओढून पाहिली. चोक लावला की दोनदा फटफट करतो आणि मरतो.

गणपतीला तीन आठवडे आहेत. काय करायचं, कोणत्या क्रमाने, आणि कशाला हात लावायचा नाही? आणि हसू नका, पण शिलाई मशीनचं तेल इंजिनात चालतं का? माझ्याकडे भरपूर आहे.

सुपर कॉरिडॉर

ताई, एवढी कटकट कशाला? या इंजिनाचा नवा कार्बोरेटर ऑनलाइन पाच-सातशेत येतो. दोन नट काढा, जुना फेका, नवा बसवा. तासाभराचं काम.

चोकवाले काका

वरच्या भियाचं अगदीच चूक नाही. पण टाकीत तेच पेट्रोल राहिलं तर नवा कार्बोरेटर पुढच्या गणपतीपर्यंत जुना होतो. मग दर वर्षी एक मागवत राहा.

ताई, मी १९७७ साली छावनीत एका गॅरेजवर पोरगा म्हणून लागलो. आधी स्कूटरी, मग शेतातले पंप, मग जनरेटर. आता हात थरथरतात म्हणून काम सोडलं, तोंड अजून चालतं. तेव्हा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं तेलाचं. शिलाई मशीनचं तेल अजिबात घालू नका. ते पाण्यासारखं पातळ असतं, थंड मशीनसाठी केलेलं. इंजिनात पिस्टनजवळ ते तापून कुचकामी होईल. तुमचं इंजिन बहुतेक होंडाच्या जीएक्स १६० ची नक्कल आहे, मापं तीच चालतात. त्यात १०डब्ल्यू-३० फोर-स्ट्रोक ऑईल लागतं, ६०० मिलीपेक्षा थोडं कमी. एक लिटरचा डबा आणलात तर एका वेळेला पुरून उरतो. मोटरसायकलला असतो तसा ऑईल फिल्टर यात नाही. आत एक छोटी पळी तेल उडवत असते, तेवढ्यावर सगळं चालतं. म्हणून तेल स्वच्छ पाहिजे आणि पुरेसं पाहिजे. नव्या इंजिनाचं पहिलं तेल २० तासांनी बदलतात, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. तुमचे १०० तास दहा गणपतींत पण भरणार नाहीत, म्हणून कोणी बदललं नाही. सहा महिन्यांची अट कोणी वाचतच नाही.

१०० तास हे थोडके वाटतात, पण हिशोब करून बघा. ५० सायकलची (हर्ट्झची) वीज द्यायला हे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं. १०० तासांत एक कोटी ऐंशी लाख फेरे होतात. तुमच्या मशीनचे टाके मोजा आणि मग सांगा, इतक्या फेऱ्यांत तुम्ही किती वेळा तेल घातलं असतं.

दांडीच्या फक्त टोकाला तेल लागलं म्हणजे ते कमी आहे. काही इंजिनांत तेल कमी झालं की करंट तोडणारं बटण आत असतं. माणूस दिवसभर दोरी ओढतो आणि इंजिन मुकं. तुमचं दोनदा फटफटलं म्हणजे करंट येऊन राहिलाय. ही चांगली खूण आहे.

आता खरी गोष्ट. हे इंजिन चालून बिघडलेलं नाही, पडून बिघडलंय. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. त्याच्या खाली एक कटोरी असते, तिच्यात चार-पाच चमचे पेट्रोल उरतं. त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे राहतो तो चिकट पिवळा राळेसारखा थर. तो जेटमध्ये बसतो. जेट म्हणजे पितळेचा बारीक स्क्रू, मधोमध भोक. छोट्या जेटचं भोक तुमच्या बारीक सुईच्या नाकासारखं समजा. ते बुजलं की पेट्रोल कमी, हवा जास्त. चोक लावला की हवा अडते म्हणून दोन फटके मारतं, चोक काढला की मरतं. तुम्ही लिहिलेलं लक्षण हेच आहे.

काम अंगणात करा. जिन्याखाली नाही, आणि समई-उदबत्तीपासून लांब. आधी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून त्याच्या खालची रबरी नळी काढा, मग कॉक उघडून टाकीतलं सगळं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. काचेच्याच, का ते नंतर कळेल. ते गटारात ओतू नका, ओळखीच्या गॅरेजवर द्या, पार्ट धुवायला घेतात. नळी दाबून बघा. कडक झाली असेल, चिरा असतील, तर नवी घ्या, सियागंजात फुटावर मिळते.

मग कटोरी. खालून एकच नट असतो, दहा नंबरच्या पान्याने निघतो. कटोरीत फ्लोट, म्हणजे तरंगणारा तुकडा आहे, त्याच्या कडीची पिन हळूच सरकवली की तो निघतो आणि त्याच्याबरोबर टोकदार सुई येते. ती हरवली तर पेट्रोल वाहत राहील, म्हणून खाली पांढरं कापड अंथरा. मधल्या नळीत खालून चपट्या पेचकसाने मोठा जेट निघतो, त्याच्या मागून भोकाभोकांची एक नळी पडते. छोटा जेट वरच्या बाजूला असतो, स्लोच्या (कमी रेसच्या) स्क्रूशेजारी, दाबून बसवलेला. त्याला हळू उचकटा. मेकॅनिक घाईत असला की कटोरी पुसतो आणि याला हात लावत नाही.

भोक साफ करायला क्लच वायरची तार वापरतात, आम्हीही वापरली. वापरू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि इंजिन कायमचं पेट्रोल पिऊ लागतं. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा, अर्धा तास ठेवा, मग सायकलच्या पंपाने हवा. उजेडाकडे धरून बघा, भोक गोल दिसलं पाहिजे. चंद्रकोर दिसली तर अजून कचरा आहे.

स्पार्क प्लग एकवीस नंबरच्या प्लग पान्याने काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर छान. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. सात-आठ वर्षं जुना असेल तर पुसत बसू नका, नवा घ्या, बीपीआर६ईएस. गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर. बसवताना आधी हाताने फिरवा, सरळ आत गेला पाहिजे. पान्याने सुरुवात केली आणि आटे तिरके बसले तर अॅल्युमिनियमचं डोकं जातं, मग खर्च मोठा. हाताने घट्ट झाल्यावर नव्या प्लगला पान्याने अर्धा फेरा, बस.

स्पंजचा भुगा कुठे गेला ते बघा. हवेच्या फिल्टरच्या डब्यातून तो सरळ कार्बोरेटरात जातो. नवा स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात धुतात, पूर्ण वाळवतात, चमचाभर इंजिन ऑईल लावून पिळतात. आत कागदी फिल्टर असला तर त्याला पाणी नाही, तेल नाही, फक्त झटका.

हात लावायचा नाही ते: कार्बोरेटरच्या बाजूची बारीक स्प्रिंग. ती गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाची. पोरं ती ताणून "रेस वाढवतात" आणि मग व्होल्टेज वाढून मंडपातले दिवे जातात. टॅपेट, म्हणजे वॉल्वची फट, पण सोडा. थंड इंजिनाला इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिलिमीटर असतं, पण त्याला फीलर गेज (फट मोजायच्या पत्र्या) आणि सवय लागते.

गाडी_पेट्रोल_पीडित

काका, खरा गुन्हेगार इथेनॉल. पूर्वीचं पेट्रोल वर्षभर टिकायचं. माझी स्कूटर २०२२ नंतर बिघडायला लागली. ताईंनी काहीही साफ केलं तरी हे पेट्रोल आहे तोवर उपयोग नाही.

चोकवाले काका

पूर्वीचं पेट्रोल पण टिकत नव्हतं भाऊ, १९८० साली पण मी राळ खरवडली आहे. पावसाळ्यात पडून राहिलेली स्कूटर सर्वपित्रीनंतर यायची, दसऱ्याच्या पूजेला चालू पाहिजे म्हणून. आमचा धंदाच तो होता.

पोलोग्राउंडचा इंजिनिअर

दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे. २०२२ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर, म्हणजे आता लिटरमध्ये २०० मिली इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. एका मर्यादेपर्यंत पाणी त्यात विरघळून राहतं, त्यापुढे इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होतं आणि जड म्हणून तळाला बसतं. कार्बोरेटरला जाणारी नळी तळालाच असते. काकांनी काचेची बरणी बहुधा म्हणूनच सांगितली. जुन्या इंजिनांच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच परवानगी असते, त्यामुळे जुन्या रबरी नळ्या आणि वायसर फुगतात की काय याकडे लक्ष ठेवा. पण रोज चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल थांबतच नाही, ओल धरायला वेळ मिळत नाही. ताईंचा प्रश्न साडेअकरा महिन्यांचा आहे.

खांबावरचा

मी वीज खात्यात लाइनमन होतो, रिटायर झालो. इंजिन काकांनी सांगितलंय, मी दोनच गोष्टी सांगतो.

एक. जनरेटर जिन्याखाली ठेवा, पण तिथे चालवू नका. स्टेजच्या मागे, पडद्याच्या आत पण नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं उपासाने होतंय, आणि तो तिथेच बसून राहतो. पाऊस आला म्हणून पोरं जनरेटर मंडपात ओढतात, ते तर बिलकुल नाही. बाहेर, वर पत्र्याचं छप्पर, चारही बाजू मोकळ्या.

दोन. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून जनरेटरची वीज घराच्या सॉकेटात कोणी घालत असेल तर ती वायर आज कापून टाका. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून वर चढते, आणि लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेल्या माणसाला लागते. मंडपाचे बोर्ड वेगळे ठेवा.

शिलाईवाली, रामबाग

आठ दिवसांनी लिहून राहिलेय, कारण हात लावल्यावर सांगायचं ठरवलं होतं.

बरणी रात्रभर ठेवली. सकाळी खरंच दोन थर! वर पिवळसर, खाली बोटभर गढूळ. गल्लीतल्या सगळ्या पोरांना बोलावून दाखवली, म्हटलं गेल्या वर्षी तुम्ही हे पाणी पेटवायला दोरी ओढत होतात.

कटोरी काढली. आत गुळाच्या पाकासारखं, आणि पाकात स्पंजचा भुगा. फ्लोटची सुई एकदा पडली, पण काकांचं पांढरं कापड होतं. छोटा जेट कुठे आहे ते शोधायला अर्धा तास लागला. फवारा मारून, पंप मारूनही चंद्रकोरच दिसत होती. मग सुचलं. ब्लाऊजला मणी लावायची तंगूस माझ्याकडे तीन जाडीची आहे. सगळ्यात बारीक घेतली, टोक तिरकं कापलं आणि सुईत ओवतात तशी ओवली. दुसऱ्या बाजूने हिरवट कण बाहेर आला. मग गोल! नायलॉन पितळाला ओरखडत नाही, बरोबर ना काका?

प्लग काळा ठिक्कर होता, नवा घेतला. तेल बदललं, जुनं डांबरासारखं निघालं, ते कोपऱ्यावरच्या गॅरेजला दिलं. नळी नवी. स्पंज नवा, पिळताना माझ्याच साडीवर तेल पडलं. टाकी ताज्या पेट्रोलने काठोकाठ भरली.

दुसऱ्या ओढीत सुरू! चोक काढला तरी चालत होता. मी इतकी ओरडले की समोरच्या काकू बाहेर आल्या.

आणि बारा मिनिटांनी बंद. मरताना आधी आचके देतो, मग गप्प. लगेच ओढलं तर नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबून ओढलं तर पहिल्या ओढीत सुरू, आणि पुन्हा तसंच. चार वेळा करून पाहिलं. आता काय? परत कार्बोरेटर उघडू का? खरं सांगते, रडायला आलं.

सुपर कॉरिडॉर

मी सांगितलं होतं, नवा कार्बोरेटर.

पोलोग्राउंडचा इंजिनिअर

तापल्यावर बंद पडत असेल तर प्लगला करंट देणारी इग्निशन कॉइल पण असू शकते. बंद पडल्या पडल्या प्लग काढून ठिणगी बघा.

चोकवाले काका

कॉइल शेवटी बघू, ती विकत घ्यावी लागते. आधी फुकटातलं करा.

तंगूस झकास. पन्नास वर्षांत मला सुचलं नाही.

कार्बोरेटरला हात लावू नका, ते काम तुमचं चांगलं झालंय, नाहीतर बारा मिनिटं पण चालला नसता. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते. पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे. वाट बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरेनासं होतं. दहा मिनिटं थांबलं की कुठून तरी हवा झिरपते, म्हणून परत सुरू होतो. टाकी काठोकाठ असली की हे लवकर होतं, कारण वर हवेला जागाच नसते.

आता चालवा. आचके द्यायला लागला की झाकण अर्धा फेरा सैल करा, काढू नका. फुस्स आवाज आला आणि इंजिन सावरलं तर झाकण. नाही सावरलं तर मग इंजिनिअर साहेबांची कॉइल.

आणि गणपतीनंतरचं आत्ताच सांगून ठेवतो, नंतर तुम्ही विसर्जनाच्या गडबडीत असाल. विसर्जन झालं की जनरेटर सरळ जिन्याखाली ढकलायचा नाही. टाकी पूर्ण रिकामी करा. इंजिन चालू असताना कॉक बंद करा आणि ते आपोआप मरेपर्यंत चालू द्या, कटोरीतलं बहुतेक जळून जातं. उरलेलं कटोरीच्या खालच्या ड्रेन स्क्रूतून सोडा. प्लग काढून भोकात चमचाभर इंजिन ऑईल घाला, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग लावा. शेवटी दोरी हळू ओढत जा, जड लागली की तिथेच सोडा. तिथे दोन्ही वॉल्व बंद असतात, ओल आत जात नाही. वर सतरंजी नको, ओल धरते. आडवा तर करूच नका, तेल हवेच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतं.

शिलाईवाली, रामबाग

काका, फुस्स झालं.

आचके सुरू झाले, झाकण सैल केलं, कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज आला आणि इंजिन सरळ. काल संध्याकाळी दोन हॅलोजन लावून दीड तास चालवला, एकदाही कुरकुर नाही.

आता झाकणाचं. बंद करून, थंड करून उघडलं. आतल्या रबरी वायसराखाली पॉलिथिनची एक चकती होती, बरोबर झाकणाच्या मापाची, कड कुठेही फाटलेली नाही. भाचा म्हणाला कंपनीचीच असेल, किती नीट आहे. मी काही बोलले नाही. ती चकती कापणारी कात्री मला ओळखू येते. दोन वर्षांपूर्वी पेट्रोलचा वास जिन्यावरून वर येतो म्हणून ब्लाऊज पीसच्या पिशवीतून मीच कापून बसवली होती.

त्या मेकॅनिकला वर्षभर शिव्या दिल्या. त्याचा नंबर शोधून राहिलेय, प्रसादाला बोलवीन म्हणते. मंडळात मात्र अजून कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

चोकवाले काका

नाही सांगत. चकती गोल मात्र चांगली कापली असणार.